हंगामी कामगार आणि २४० दिवस

पावसाळा तोंडावर आला की किनाऱ्यावरची हॉटेलं हंगामी कामगारांचा हिशेब करतात आणि ‘ऑक्टोबरात या’ म्हणून त्यांना घरी पाठवतात. यात काही वावगं आहे असं मालकांना वाटत नाही. पण गोव्यात मालक कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो तो नेमका इथेच.

सालाझारच्या अमदानीत संपाला बंदी होती. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि पुढे भारताचे कामगार कायदे इथे लागू झाले. कौटुंबिक बाबतीत पोर्तुगीज नागरी संहिता राहिली. कामगारांसाठी मात्र १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आला. १९७३ मध्ये दुकाने व आस्थापना कायदाही झाला.

विवाद कायद्याचं म्हणणं असं होतं: बारा महिन्यांत २४० दिवस भरलेल्या कामगाराची कपात करायची, म्हणजे त्याला कामावरून कमी करायचं, तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्या, शिवाय सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्या. तो त्याच वेळी हातात पडला नाही तर कपात बेकायदा. आता १ ऑक्टोबर ते ३१ मे मोजा. २४३ दिवस होतात! रविवार वजा करू म्हटलं, तर १९८५ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पगारी रविवार आणि सुट्ट्याही धरायला लावल्या.

१९८४ पासून मुदतीचा करार संपणं ही कपात मानली जात नाही. मात्र वर्षानुवर्षं तात्पुरता ठेवून कायमपणाचे हक्क बुडवणं ही अनुचित कामगार प्रथा ठरली. लेखी करारच केलेला नसेल तर मालकाला मुदतीची ढाल मिळणार कुठून?

खाणपट्ट्याची गोष्ट वेगळी. २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये, ८८ लीज रद्द झाल्यावर, खाणी थांबल्या. लेऑफ (काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं), कपात आणि कायमचं बंद या प्रत्येकाची रीत निराळी, आणि शंभर किंवा जास्त कामगार असले तर तेव्हा सरकारची परवानगी लागत होती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून विवाद कायद्याच्या जागी नव्या श्रमसंहिता आहेत. परवानगीची मर्यादा तीनशेवर गेली. नियुक्तिपत्र सगळ्यांना द्यायचं आहे, आणि मुदतीवरच्या कामगाराला वर्षभरातच ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. माझ्या मते ही तरतूद फार उशिरा आली. २४० दिवसांची अट मात्र तशीच आहे, तेव्हा हॉटेलवाल्यांनी मे महिन्याचा हिशेब करण्याआधी हजेरीपत्रक उघडून बघावं.