‘बहुधा’ म्हणजे किती टक्के?

मार्च १९५१. सोव्हिएत गटाकडून यंदा युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे, असा अहवाल अमेरिकेच्या गुप्तचर विश्लेषकांनी सरकारला दिला. पुढे परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने सहज विचारलं, गंभीर म्हणजे किती? विश्लेषक शेरमन केंट म्हणाले, माझ्या मते ६५ विरुद्ध ३५. अधिकारी चपापला. त्याने शक्यता बरीच कमी धरली होती. मग केंट यांनी अहवाल तयार करणाऱ्या सहकाऱ्यांनाच तोच प्रश्न केला. कुणी २० टक्के म्हणालं, कुणी ८०. मनात इतकं अंतर, आणि शब्दावर मात्र एकमत!

केंट मूळचे इतिहासाचे प्राध्यापक. त्यांना जाणवलेली ही अडचण पुढे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांनी मोजली. विज्ञानविषयक सल्लागार समितीत मानसशास्त्रज्ञ कशाला हवा, असं विचारणारे आजही भेटतात. हवामानाचं गणित त्याला येत नाही हे खरंच, पण त्या गणिताचं वाक्य झालं की ते वाचणाऱ्याच्या डोक्यात काय होतं, हे त्याला तपासता येतं.

हवामानबदलावरचं आंतरराष्ट्रीय मंडळ, आयपीसीसी, याचं चांगलं उदाहरण आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या या मंडळाच्या अहवालाचा धोरणकर्त्यांसाठीचा सारांश सरकारांचे प्रतिनिधी ओळ न् ओळ वाचून मंजूर करतात. शक्यतेच्या शब्दांना मंडळाने अर्थही ठरवून दिले आहेत: ‘शक्य’ (मूळ इंग्रजीत likely) म्हणजे किमान ६६ टक्के, ‘फार शक्य’ (very likely) म्हणजे किमान ९०. कागदावर चोख व्यवस्था.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बुडेस्कू आणि सहकाऱ्यांनी २००९ साली आयपीसीसीच्या अहवालातली वाक्यं सामान्य वाचकांपुढे ठेवली. ‘फार शक्य’ला बहुतेकांनी दिलेला आकडा ९० च्या खालीच राहिला. उलट ‘फारच अशक्य’ला मंडळाच्या व्याख्येपेक्षा जास्त शक्यता मिळाली. म्हणजे दोन्ही टोकं मधल्या पन्नाशीकडे सरकली. अर्थांचा तक्ता हाताशी दिला तरी फारसा फरक पडला नाही. वाक्यातच शब्दाशेजारी आकडा छापला तेव्हा मात्र वाचक मूळ अर्थाच्या जवळ आले. २०१४ साली हाच प्रयोग २४ देशांत, १७ भाषांत झाला आणि निष्कर्ष टिकला.

शब्दांची आणखी एक खोड नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ कार्ल हाल्वोर टायगेन यांनी दाखवली. एखाद्या उपचाराबद्दल ‘गुण येण्याची थोडी शक्यता आहे’ म्हटलं काय आणि ‘गुण येईल याची खात्री नाही’ म्हटलं काय, ऐकणारे आकडा जवळपास सारखाच सांगतात, तिसाच्या आसपास. पण पहिलं वाक्य ऐकणारे उपचार घ्या म्हणतात, दुसरं ऐकणारे बहुतेक नको म्हणतात. शब्द नुसता अंदाज सांगत नाही, हळूच सल्लाही देतो. सल्लागाराला हे कळलं नाही, तर आपण तटस्थ आहोत या समजुतीत तो निर्णयच देऊन मोकळा होतो.

मग थेट आकडेच का लिहीत नाहीत? आकड्याने खोटा नेमकेपणा येतो, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. मात्र ‘६६ ते १००’ असा पल्ला लिहिला की त्या आक्षेपाची बरीच धार जाते. मला खरी मेख दुसरीकडे दिसते. लोकांना दुसऱ्याकडून माहिती घेताना आकडे हवे असतात, देताना शब्द बरे वाटतात, हेही प्रयोगांत दिसलं आहे. सल्ला देणारेही लोकच! बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ साली अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेला शक्यता आकड्यांत मांडायला सुचवलं. केंट यांच्या त्या प्रश्नाला तोवर ६० वर्षं झाली होती.

आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालाच्या सारांशात शब्दांमागचे आकडे दिलेले आहेत. तळटीपेत.