दशावतार रात्रभर, फाइल बारा मिनिटं

कुडाळच्या बाजूच्या एका गावात जत्रेला दशावतार शूट करायला गेलो होतो. रात्रीचा एक वाजून गेलेला. आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा भाग, संपलेला, त्यातला संकासुर पोरांना घाबरवून आत गेलेला आणि मुख्य कथेचं आख्यान रंगात आलेलं. राजा आणि असुर समोरासमोर आले, मृदंगाने लय चढवली, झांज तापली, दोघांनी तलवारी उपसून गिरकी घेतली आणि माझ्या कॅमेऱ्यावरचा लाल ठिपका गेला. रेकॉर्डिंग बंद. बॅटरी भरलेली, कार्डात निम्म्याहून जास्त जागा. पुन्हा बटण दाबेपर्यंत असुर आडवा झाला होता.

सिनेमाचं शूटिंग असतं तर 'पुन्हा एकदा घ्या' म्हणता आलं असतं. दशावतारात संवादांची वही नसते. नट कथा ठरवून रंगमंचावर येतात आणि बोलणं तिथल्या तिथे सुचतं. त्या रात्रीचं युद्ध त्या रात्रीपुरतंच होतं.

घरी येऊन पाहिलं, तर फाइल अकरा मिनिटं आणि काही सेकंदांची. आकार ४ जीबीला टेकलेला. कॅमेरा सेकंडहँड, पण बिघडलेला नव्हता. तो हिशेबाप्रमाणेच थांबला होता.

हा हिशेब कार्डाच्या रजिस्टरचा आहे. कार्डावर कुठली फाइल कुठे आहे आणि केवढी आहे, याची नोंद ठेवण्याच्या पद्धतीला फाइल सिस्टीम म्हणतात. जुन्या डीएसएलआरमध्ये, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या, आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत, ती असायची फॅट३२, म्हणजे १९९६ च्या सुमाराची विंडोज ९५ च्या काळातली. कार्ड कुठल्याही कॉम्प्युटरने वाचावं म्हणून कॅमेरेवाल्यांनी तीच उचलली. या रजिस्टरात फाइलचा आकार लिहायला बत्तीस घरं असतात आणि प्रत्येक घरात शून्य किंवा एक एवढंच लिहिता येतं. बत्तीसही घरांत एक भरला की आकडा होतो ४,२९,४९,६७,२९५ बाइट, म्हणजेच आपले ४ जीबी. त्याच्यापुढचा आकडा लिहायला घरच नाही. आकड्यांची चाकं असलेला जुना मीटर सगळे नऊ झाले की शून्यावर जातो. कॅमेरा तेवढा बेफिकीर नसतो. तो फाइल बंद करून मोकळा होतो.

आता या ४२९ कोटी बाइटांत किती मिनिटं बसतात? फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या तीन रंगांना एकेक बाइट धरला, तरी एकाच चित्राला ६२ लाख २० हजार ८०० बाइट लागतात. सेकंदाला अशी ३० चित्रं. जशीच्या तशी साठवली, तर ४ जीबी तेवीस सेकंदांत संपेल. कॅनन ५डी मार्क २ हा २००८ चा, या सगळ्या प्रकाराला तोंड फोडणारा कॅमेरा. त्यात एवढ्याच जागेत साधारण बारा मिनिटं बसायची, म्हणजे सेकंदाला साठेक लाख बाइट. मुळात एका चित्राला जेवढी जागा लागली असती, तेवढ्यात तीस चित्रं.

हे जमतं ते आळशीपणामुळे. मागच्या चित्रात जे होतं तेच या चित्रात असेल, तर कॅमेरा ते पुन्हा लिहीत नाही. फक्त काय हललं ते टिपतो. मागचा पडदा रात्रभर तोच, हार्मोनियमवाला जागचा हलत नाही, तिथे बाइट वाचतात. पण तलवारी फिरू लागल्या, जरीचे शेले उडाले की जवळजवळ सगळंच नव्याने लिहावं लागतं आणि फाइल भराभर फुगते. थोडक्यात, युद्ध जेवढं जोरात, तेवढी फाइल लवकर भरणार. माझ्या बारा मिनिटांतली उरलेली सेकंदं बहुधा त्या गिरकीनेच खाल्ली.

डीएसएलआर मुळात फोटोचा कॅमेरा, व्हिडिओ त्याच्या गळ्यात नंतर बांधलेला. पहिला प्रयोग निकॉन डी९० चा, तोही २००८ चाच. त्यात एचडी व्हिडिओ एका दमात पाचच मिनिटं घेता यायचा. पुढे कॅमेरे शहाणे झाले. ४ जीबी भरले की आपणच दुसरी फाइल उघडायची, हे कॅनन ५डी मार्क ३ मध्ये २०१२ ला आलं. २००९ च्या एसडीएक्ससी या जास्त क्षमतेच्या मेमरी कार्डांनी तर एक्सफॅट हे नवं रजिस्टरच आणलं. त्यात घरं इतकी, की गावातल्या सगळ्या जत्रा एकाच फाइलमध्ये मावतील.

तरीही कितीतरी कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांवर थांबत राहिले. यात विज्ञान काही नाही, जकात आहे. युरोपियन युनियनमध्ये फोटोच्या कॅमेऱ्यावर आयातकर शून्य होता आणि व्हिडिओ कॅमेऱ्यावर ४.९ टक्के किंवा त्याहून जास्त. मग व्हिडिओ कॅमेरा म्हणायचं कशाला? तर ८०० गुणिले ६०० किंवा त्याहून मोठं चित्र, सेकंदाला किमान २३ या गतीने, सलग ३० मिनिटं टिपू शकणाऱ्याला. कंपन्यांनी एक सेकंद कापला आणि कर वाचवला. युरोपसाठी वेगळा कॅमेरा कोण बनवत बसणार? म्हणून ब्रुसेल्सच्या नियमाने सिंधुदुर्गातलं आख्यान तुटायचं. जागतिक व्यापार संघटनेत २०१५ ला झालेल्या करारानंतर हा कर टप्प्याटप्प्याने गेला. आता अर्ध्या तासाची ही अट बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत दिसत नाही.

पण उष्णता कुठल्या कराराला भीक घालत नाही. मला ती भेटली मालवणच्या किनाऱ्यावर, भर दुपारी रापण ओढताना. दोन्ही टोकांचे दोर धरलेल्या रांगा जाळं ओढत होत्या आणि हे काम काही तास चालतं. फोटो काढताना सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, सेकंदाच्या बारीकशा तुकड्यापुरतं काम करतो. व्हिडिओत लेन्समागचा आरसा वर उचललेला राहतो आणि सेन्सर, प्रोसेसर, मागची स्क्रीन अखंड जागी असतात. पाणी आत शिरू नये म्हणून अंग बंदिस्त, पंखा नाही. आतली उष्णता बाहेर जायला बाहेरची हवा थंड हवी, आणि बाहेर तर वाळू तापलेली. सेन्सर तापला की प्रकाश नसतानाही त्यात विद्युतभार झिरपायला लागतो. तापमान साधारण सहा-आठ अंशांनी वाढलं की हा झिरपा दुप्पट होतो, आणि चित्राच्या काळ्या भागात रंगीत रवा दिसू लागतो. स्क्रीनवर थर्मामीटरचं चिन्ह आलं आणि थोड्या वेळाने कॅमेरा झोपला.

"तुझो कॅमेरो तापलो? मगे बर्फात घाल त्येका," एका रापणकर काकांनी मासळीच्या बर्फाच्या पेटीकडे बोट दाखवलं. ते थट्टा करत होते, पण हे खरंच करणारे लोक मी पाहिलेत. कोकणात असलं काही करू नये. हवा ३२ अंशांची आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर २७ अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. बर्फातून काढलेला कॅमेरा बाहेर काचेवर घामेजतोच, शिवाय आतही ओल धरू शकतो, आणि त्या ओलीवर पुढे लेन्समध्ये बुरशीची जाळी चढते. त्यापेक्षा छत्री धरावी, स्क्रीन अंगापासून दूर उघडून ठेवावी, दोन शॉटच्या मधे कॅमेरा सरळ बंद करावा. त्या दिवशी मी छत्री एका पोराच्या हाती दिली. तोही दहा मिनिटांत मासळी बघायला पळाला.

पुढच्या वर्षी जत्रेला गेलो तो तयारीने. पात्र बदललं, मृदंग जरा थांबला की कॅमेरा आपणच बंद करायचा आणि लगेच नवी फाइल सुरू करायची. मधल्या फटी आवाजाने भरून काढाव्यात म्हणून हार्मोनियमजवळ वेगळा साउंड रेकॉर्डर ठेवला आणि साडेअकराला चालू करून विसरून गेलो. पहाटे दहीकाल्यानंतर पाहिलं, तर आवाजाच्या दोन फाइली. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने, प्रत्येकी तीन बाइटांचे, आणि तेही डावे-उजवे वेगळे. सेकंदाला २ लाख ८८ हजार बाइट. पहिली फाइल ४ तास ८ मिनिटांची निघाली. रेकॉर्डर आवाज ज्या वेव्ह फाइलमध्ये साठवतो, तीही आपला आकार बत्तीस घरांतच लिहिते. दुसरी सुरू झाली तीन वाजून अडतीस मिनिटांनी, नारदाच्या अर्ध्या वाक्यापासून.