वर्णपटातील काळ्या रेषा नेमके काय सांगतात?

व्याध आणि अभिजित या शुभ्र ताऱ्यांच्या वर्णपटात, म्हणजे त्यांचा प्रकाश फाकवून मिळणाऱ्या रंगपट्ट्यात, हायड्रोजनच्या काळ्या रेषा ठळक उमटतात. सूर्याच्या वर्णपटात त्या बऱ्याच फिकट असतात आणि तिथे लोह, कॅल्शियम अशा धातूंच्या रेषांची दाटी दिसते, तर काक्षी या तांबूस ताऱ्याच्या वर्णपटावर टायटॅनियम ऑक्साइडचे रुंद पट्टे पसरलेले असतात. हे तारे निरनिराळ्या द्रव्यांचे घडले असावेत, असे यावरून कुणालाही वाटेल.

फ्राउनहोफर यांनी १८१४ मध्ये सूर्याच्या वर्णपटातील पाचशेहून अधिक रेषांची नोंद केली; त्या रेषा म्हणजे मूलद्रव्यांच्या खुणा आहेत, हे किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० मध्ये दाखवून दिले. पुढे हार्वर्ड वेधशाळेत ॲनी जंप कॅनन यांनी छायाचित्रांच्या काचपट्ट्यांवरील सव्वादोन लाखांवर ताऱ्यांचे वर्णपट एकेक पाहून ओ, बी, ए, एफ, जी, के, एम या वर्गांत लावले. हा क्रम तापमानाचा असावा, असा अंदाज होता, पण त्यामागचे भौतिक कारण स्पष्ट झालेले नव्हते.

ते कारण मेघनाद साहा यांनी १९२०-२१ मध्ये समीकरणाने मांडले. वायू किती तप्त आहे आणि त्यावर दाब किती आहे, यावर त्यातील किती अणू इलेक्ट्रॉन गमावतील हे ठरते, आणि प्रत्येक अवस्थेतील अणूच्या रेषा वेगळ्या असतात. हायड्रोजनच्या दृश्य रेषा उमटण्यासाठी त्याचा इलेक्ट्रॉन आधी ऊर्जेच्या दुसऱ्या पातळीवर चढलेला असावा लागतो. सूर्याच्या सुमारे ५,८०० केल्व्हिन तापमानाला असे अणू अगदी थोडे असतात, १०,००० केल्व्हिनच्या आसपास ते सर्वाधिक असतात, आणि त्याहून तप्त ताऱ्यांत बहुतेक अणूंचा इलेक्ट्रॉनच सुटून गेलेला असतो. म्हणजे रेषा फिकट असली, तरी द्रव्य कमी आहे असे ठरत नाही. ताऱ्यांच्या अभ्यासाला याहून मोठे वळण देणारे समीकरण मला तरी दुसरे आठवत नाही.

साहांचे हे सूत्र वापरून सिसिलिया पेन यांनी १९२५ च्या आपल्या प्रबंधात ताऱ्यांतील मूलद्रव्यांचे प्रमाण काढले. धातूंचे परस्पर प्रमाण पृथ्वीवरच्यासारखेच निघाले, पण हायड्रोजन आणि हेलियम मात्र इतर सर्वांच्या कितीतरी पट आढळले. सूर्य पृथ्वीसारख्याच द्रव्यांचा असल्याचे तेव्हा मानले जात असल्याने त्या काळचे नामवंत खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी त्याला हरकत घेतली, आणि हे आकडे बहुधा खरे नसावेत, असे पेन यांना प्रबंधातच लिहावे लागले. रसेल यांनी १९२९ मध्ये वेगळ्या वाटेने गणित केले, तेव्हा तेही त्याच निष्कर्षाला पोचले, आणि आपल्या लेखात त्यांनी पेन यांच्या कामाचा उल्लेख केला.