इंजिन ठोका कधी चुकवते? जुन्या मोटारसायकलच्या मिसिंगचे निदान

जुन्या मोटारसायकलचे इंजिन मिसिंग करू लागले, म्हणजे मधूनमधून ठोका चुकवू लागले, की पहिला हात प्लगकडे जातो, दुसरा कार्बोरेटरकडे आणि तेवढ्याने भागले नाही तर ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज देणारी इग्निशन कॉइल बदलली जाते. भाग बदलत जाण्याचा हा क्रम कधी कधी लागूही पडतो. मात्र त्याला निदान म्हणता येत नाही, कारण गाडी नीट चालू लागली तरी नेमके काय बिघडले होते हे शेवटपर्यंत कळत नाही. निदान करायचे असेल, तर ‘काय बिघडले’ या प्रश्नाआधी ‘मिसिंग कोणत्या परिस्थितीत होते’ हा प्रश्न विचारायला हवा. इंजिनाच्या प्रत्येक भागावर वेगवेगळ्या वेळी ताण येतो, आणि दुबळा झालेला भाग त्याच्यावर ताण येतो तेव्हाच उघडा पडतो.

चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांमागे एकदा ज्वलन होते. मिनिटाला ६००० फेरे असतील, तर एका सिलिंडरमध्ये सेकंदाला ५० वेळा मिश्रण आत येते, दाबले जाते, पेटते आणि बाहेर फेकले जाते. म्हणजे एका पूर्ण चक्रासाठी मिळतो तो सेकंदाचा पन्नासावा भाग. या पन्नासांपैकी चार-पाच वेळा जरी मिश्रण पेटले नाही, तरी चालवणाऱ्याला झटका स्पष्ट जाणवतो. न पेटलेले मिश्रण तसेच तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाते आणि तिथे पेटले तर फटाक्यासारखा आवाज येतो. मिश्रण न पेटण्याची मूळ कारणे तीनच : योग्य क्षणी पुरेशी ठिणगी पडली नाही, पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण पेटण्याजोगे नव्हते, किंवा सिलिंडरमध्ये पुरेसा दाब तयार झाला नाही.

या तिन्हींपैकी कोणते कारण आहे, हे गाडी उघडण्याआधीच बऱ्याच अंशी ठरवता येते. अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीवर आणि तिच्या शेजारच्या स्थिर भागावर चिकटपट्टी लावून मूठ पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण पिळल्याच्या खुणा कराव्यात. मग मोकळ्या, रहदारी नसलेल्या रस्त्यावर गाडी वेगवेगळ्या गिअरमध्ये चालवून मिसिंग कशाच्या मागे जाते ते पाहावे. गिअर कोणताही असो, मूठ ठरावीक खुणेपाशी आली की मिसिंग होत असेल, तर संशय कार्बोरेटरवर जातो, कारण त्यातला कोणता जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, काम करणार हे मुख्यतः मूठ किती उघडली आहे यावर ठरते, इंजिनाच्या फेऱ्यांवर नव्हे. उलट मूठ कमी-जास्त केली तरी ठरावीक फेऱ्यांच्या वर गेल्यावरच मिसिंग होत असेल, तर इग्निशनच्या वेळेशी जोडलेले भाग किंवा व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा तपासाव्यात. आणि सपाटीवर सुरळीत चालणारी गाडी चढावर किंवा मागे माणूस बसवून मूठ पूर्ण पिळल्यावर झटके मारत असेल, तर ठिणगीचे व्होल्टेज अपुरे पडत असण्याची शक्यता मोठी असते. मिसिंगचा पोतही पाहण्यासारखा असतो : विजेचा दोष असला की इंजिन क्षणभर बटण बंद केल्यासारखे तुटते आणि लगेच जोर धरते, पेट्रोल कमी पडत असले की ते हळूहळू ढिले पडत जाते. हा फरक दर वेळी इतका ठळक नसतो, पण अनुभवी कान बहुधा चुकत नाही.

चढावर ठिणगी का कमी पडावी, हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत रंजक भाग आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिख पाशेन यांनी १८८९ साली दाखवून दिले, की दोन इलेक्ट्रोडमधल्या वायूतून ठिणगी पडण्यासाठी लागणारे व्होल्टेज हे वायूचा दाब आणि मधले अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. प्लगची फट साधारण ०.६ ते ०.९ मिलिमीटर असते. एवढी फट उघड्या हवेत ओलांडायला दोन-तीन हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये मात्र ठिणगी पडण्याच्या वेळी मिश्रण कित्येक पटींनी दाबलेले असते, आणि तिथे दहा हजार व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक लागू शकतात. मूठ थोडीच उघडलेली असते तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरते, त्यामुळे दाब आणि लागणारे व्होल्टेज दोन्ही कमी राहतात. मूठ पूर्ण पिळली की सिलिंडर गच्च भरतो आणि नेमकी तेव्हाच कॉइलची परीक्षा होते. झिजलेल्या प्लगची फट वाढलेली असली, तर त्या गुणाकारातली दुसरी संख्याही वाढते.

प्लग काढून, तो इंजिनाच्या धातूला टेकवून किक मारायची आणि ‘करंट येतोय’ म्हणून इग्निशनला निर्दोष ठरवायचे, ही सर्वत्र चालणारी चाचणी म्हणूनच अर्धवट आहे. ठिणगी अजिबात दिसली नाही, तर ती चाचणी काहीतरी निश्चित सांगते. ठिणगी दिसली, तर ती उघड्या हवेत पडते एवढेच सांगते. त्यापेक्षा मोठी फट असलेला ठिणगी-परीक्षक वापरणे चांगले. उघड्या हवेतली साधारण सहा मिलिमीटरची फट ठिणगीने सलग, निळसर आणि कडक आवाज करत ओलांडली, तर दाबाखालीही ती टिकेल असा भरवसा धरता येतो. ही चाचणी करताना प्लग किंवा परीक्षक इंजिनाच्या धातूला पक्का टेकलेला असावा, कारण वाट न मिळालेले व्होल्टेज कॉइलच्या आतले आवरण फोडून वाट काढते आणि चांगली कॉइलही निकामी होते. प्लगच्या छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते, तेव्हा ठिणगी त्या छिद्रापासून दूर ठेवावी.

बरीच जुनी गाडी असेल, तर तिच्यात इलेक्ट्रॉनिक इग्निशनऐवजी पॉइंट (प्रवाह जोडणारे-तोडणारे दोन संपर्क) आणि कंडेन्सर असतात. पॉइंट जोडलेले असताना कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातून प्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होते. पॉइंट उघडताच प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळते आणि हजारो वेढ्यांच्या दुय्यम वेटोळ्यात उच्च व्होल्टेज निर्माण होते. प्रवाह जितका झटकन तुटेल, तितके व्होल्टेज जास्त. इथे कंडेन्सरचे महत्त्व कळते. साधारण ०.२ मायक्रोफॅरड क्षमतेचा हा लहानसा भाग पॉइंट उघडण्याच्या क्षणी प्रवाह स्वतःकडे वळवून घेतो, म्हणून तो पॉइंटमध्ये ठिणगी होऊन रेंगाळत नाही. कंडेन्सर निकामी झाला, की पॉइंटमध्येच भडक ठिणग्या दिसू लागतात, त्यांचे पृष्ठभाग जळून खडबडीत होतात आणि प्लगवरची ठिणगी मात्र पिवळट, मरगळलेली पडते. दोष कंडेन्सरचा आणि पॉलिश पेपरने घासले जातात ते पॉइंट, असे पुष्कळदा होते.

पॉइंटची फट बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.४ मिलिमीटर ठेवतात. कॅमवर घासणारा पॉइंटचा पाय झिजत जातो तशी ही फट कमी होते आणि तिच्याबरोबर ठिणगीची वेळही उशिराकडे सरकते. म्हणून फट लावल्यावर टायमिंग पुन्हा पाहावेच लागते. वरच्या फेऱ्यांत होणाऱ्या मिसिंगमागे पॉइंटची सैल पडलेली पट्टी-स्प्रिंगही असू शकते, कारण तिच्यामुळे पॉइंट वेळेवर परत टेकत नाहीत. बॅटरीवर चालणाऱ्या पद्धतीत फेरे वाढले की कॉइलमध्ये प्रवाह वाढायला मिळणारा वेळ घटतो, तर मॅग्नेटोत, म्हणजे बॅटरीशिवाय फिरत्या चुंबकाने वीज तयार करणाऱ्या पद्धतीत, उलट होते : तो किकच्या संथ फेऱ्यांत दुबळा असतो आणि वेगाबरोबर जोर धरतो. त्यामुळे ‘सुरू व्हायला त्रास, नंतर ठीक’ आणि ‘सुरू पटकन, वर गेल्यावर मिसिंग’ या दोन तक्रारींचा अर्थ गाडीची इग्निशन पद्धत कोणती आहे हे माहीत असल्याशिवाय लावता येत नाही.

गाडी थंड असताना उत्तम चालते, वीस-पंचवीस मिनिटांनी मिसिंग करू लागते आणि थोडा वेळ उभी केली की पुन्हा सुधारते, ही तक्रार तर फारच छळणारी. अशा वेळी इग्निशन कॉइल, पिकअप कॉइल (ठिणगीचा क्षण कळवणारे वेटोळे) किंवा सीडीआय युनिट (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक भाग) यांच्यावर संशय घ्यावा. उष्णतेने तार आणि तिच्यावरचे आवरण प्रसरण पावते, बारीक भेग उघडते, आणि थंड झाल्यावर पुन्हा मिटते. मल्टिमीटरने रोध मोजून कॉइल चांगली ठरवण्याला इथे मर्यादा आहेत. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, म्हणून मोजमाप कोणत्या तापमानाला केले हे आधी पाहावे लागते. आणि मल्टिमीटर केवळ काही व्होल्टवर मोजतो, त्यामुळे दहा हजार व्होल्टला फुटणारे आवरण त्याला अखंडच दिसते. वेटोळे तुटले असेल तर तो सांगतो, आवरण गळत असेल तर सांगत नाही. तापलेल्या अवस्थेत, मिसिंग चालू असतानाच ठिणगी-परीक्षक लावणे हाच त्यावर खात्रीचा उपाय आहे.

पावसात किंवा दमट हवेत होणारे मिसिंग त्यामानाने लवकर सापडते. अंधारात इंजिन चालू ठेवून प्लगची वायर आणि टोपी यांवर पाण्याचा बारीक फवारा मारला, तर जिथून वीज गळते तिथे निळसर ठिणग्या दिसतात. त्या वेळी वायरीला हात लावू नये, हे वेगळे सांगायला नको. प्लगच्या टोपीत बसवलेला रोधक, जो पुष्कळदा पाच हजार ओहमचा असतो, वर्षानुवर्षांच्या वापराने खराब होतो. टोपी स्वस्तातला भाग असल्याने तिच्याकडे कोणी पाहत नाही.

प्लगचे टोक पाहून निदान करण्याची पद्धत जुनी आणि उपयोगी आहे, पण तिला एक अट आहे. ज्या स्थितीत मिसिंग होते त्याच स्थितीत क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि मगच प्लग काढावा; घरापर्यंत सावकाश येऊन काढलेला प्लग शेवटच्या पाच मिनिटांचाच वृत्तांत सांगतो. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त, ओलसर तेलकट काळेपणा म्हणजे रिंगांमधून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून तेल येते आहे, आणि पांढराफटक, भाजल्यासारखा रंग म्हणजे मिश्रण विरळ किंवा प्लग फार तापतो आहे. प्लगचे टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय त्यावरची काजळी जळून जात नाही. काजळी विद्युतवाहक असल्याने ठिणगी पडण्याआधीच व्होल्टेज तिच्यावरून निसटते, आणि मिश्रणातला दोष बाहेरून विजेच्या दोषासारखा दिसू लागतो.

कार्बोरेटरबद्दल बोलायचे, तर पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, आणि प्रमाण यापासून फार ढळले तर चांगली ठिणगीही मिश्रण पेटवू शकत नाही. मूठ पाव भागापर्यंत उघडलेली असताना पायलट जेट, मधल्या भागात नीडल (मुठीबरोबर वर-खाली होणारी सुई) आणि पाऊण भागाच्या पुढे मेन जेट प्रभावी असतो. यांतला पायलट जेट सर्वांत आधी तुंबतो, कारण त्याचे छिद्र पुष्कळदा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते आणि महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीतले पेट्रोल उडून गेल्यावर मागे राहणारा चिकट थर तेवढे छिद्र सहज बुजवतो. तारेने टोकरून ते मोठे करण्यापेक्षा द्रावकात भिजवून हवेच्या झोताने साफ करावे. चोक थोडा ओढल्यावर मिसिंग कमी झाले तर मिश्रण विरळ आहे, वाढले तर दाट आहे. इतकी सोपी आणि बोलकी चाचणी दुसरी नाही.

मिश्रण विरळ होण्याचे कारण दर वेळी कार्बोरेटरच्या आत असेलच असे नाही. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी जोड कडक होऊन चिरतो आणि तिथून अधिकची हवा आत शिरते. इंजिन मंद चालू असताना त्या जोडावर पाणी फवारल्यावर आवाज बदलला, तर चीर आहे असे समजावे. ज्वलनशील फवारे तापलेल्या इंजिनावर वापरू नयेत. टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र बुजले, तर पेट्रोल खर्च होईल तशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि काही अंतराने इंजिन दम टाकते. झाकण उघडताच सारे सुरळीत होते, आणि म्हणून हा दोष वर सांगितलेल्या तापलेल्या कॉइलच्या दोषाशी हटकून गल्लत करतो. गाडी बंद पडली की आधी झाकण उघडून लगेच सुरू करून पाहिल्यास दोन्ही वेगळे काढता येतात. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पाणी शोषते, आणि पाणी जास्त झाले तर ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. बराच काळ उभ्या असलेल्या गाडीत म्हणून जुने पेट्रोल काढून टाकणे बरे.

दोन-स्ट्रोक गाड्यांचा हिशेब जरा निराळा आहे. मूठ जवळजवळ बंद असताना त्यांच्या सिलिंडरमध्ये जळालेला वायू इतका उरतो, की काही फेऱ्या ज्वलनाविना जातातच. मंद चालीतला तो अडखळता ताल हा त्या रचनेचाच स्वभाव आहे, त्याला दोष मानून कार्बोरेटर उघडण्यात अर्थ नाही. मूठ उघडल्यावरही तो ताल गेला नाही, तर मात्र मिश्रण दाट असल्याचे धरून चालावे.

ठिणगी आणि मिश्रण दोन्ही ठीक असतील, तर उरतो दाब. प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावून, मूठ पूर्ण उघडी ठेवून, काटा वर चढायचा थांबेपर्यंत किक मारावी आणि आकडा गाडीच्या मॅन्युअलशी ताडून पाहावा. आकडा कमी आला, तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे : आकडा वाढला तर रिंगा आणि सिलिंडर झिजले आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट गळते आहे. त्याआधी मात्र टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो ढकलणारा भाग यांच्यामधली फट, पाहून घ्यावेत. टॅपेट सैल झाले की ते वाजतात आणि लक्ष वेधून घेतात. ते घट्ट झाले की गाडी शांत होते आणि मालक खूश होतो, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो. व्हॉल्व्हची उष्णता प्रामुख्याने तो सीटवर टेकलेला असतानाच बाहेर जाते, तेव्हा न टेकणारा व्हॉल्व्ह जळू लागतो आणि गरम झाल्यावर, विशेषतः मंद चालीत, मिसिंग सुरू होते. फिलर गेजने मोजायची ही फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते, म्हणून ती इंजिन पूर्ण थंड असताना आणि पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या शेवटी वरच्या टोकाला आणूनच लावावी लागते. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर असेल, तर दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात आणि मोजलेल्या फटीला काहीच अर्थ उरत नाही.