व्हीएनआयटी नागपूर: मराठवाड्यातील विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाची पात्रता, प्रक्रिया आणि कागदपत्रे

महाराष्ट्रात राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणजे एनआयटी एकच आहे, ती म्हणजे नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था (व्हीएनआयटी). मराठवाड्यातील अनेक पालकांना तिथल्या प्रवेशाची प्रक्रिया नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी संस्थेसारखी किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयासारखीच असेल असे वाटते. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या वाटा आहेत. राज्यातील महाविद्यालयांचे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांतून होतात, तर व्हीएनआयटीचे प्रवेश केंद्राच्या यंत्रणेतून होतात. तिथे एमएचटी-सीईटीचे गुण उपयोगी पडत नाहीत आणि राज्याच्या नमुन्यातील प्रवर्गाचे दाखलेही चालत नाहीत. चांगला क्रमांक मिळवूनही जागा हुकते ती बहुधा दोन ठिकाणी: बारावी कोणत्या राज्यातून केली आणि प्रवर्गाचा दाखला कोणत्या नमुन्यात काढला. म्हणून पुढील माहितीत या दोन बाबींना अधिक जागा दिली आहे.

संस्थेची पार्श्वभूमी

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात केंद्र आणि राज्य सरकारांनी मिळून प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालये उभारण्याची योजना आखली. नागपुरात जुलै १९५६ पासून राज्य शासनाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू होते. तेच ताब्यात घेऊन जून १९६० मध्ये नागपूरचे प्रादेशिक महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी तेव्हाच्या औरंगाबादला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाची स्थापना झाली, मात्र ते राज्याचेच राहिले. ऑक्टोबर १९६२ मध्ये नियामक मंडळाने नागपूरच्या महाविद्यालयाला सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव देण्याचा ठराव केला. विश्वेश्वरय्यांचे निधन त्याच वर्षी एप्रिलमध्ये झाले होते. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले आणि खडकवासला धरणाचे स्वयंचलित दरवाजे ही त्यांचीच कामगिरी. १९०८ मधील मुसी नदीच्या महापुरानंतर निजामाने पूरनियंत्रणासाठी त्यांनाच बोलावले होते आणि मराठवाडा त्या वेळी निजामाच्याच राज्यात होता, हे आपल्या वाचकांसाठी सहज नोंदवावेसे वाटते.

जुने लोक आजही या संस्थेला व्हीआरसीई, म्हणजे विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, म्हणतात. २६ जून २००२ पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि ती एनआयटी झाली. त्याआधी तिच्या पदव्या नागपूर विद्यापीठाच्या असत. १५ ऑगस्ट २००७ पासून संसदेच्या एनआयटी कायद्यान्वये ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरली. या इतिहासातील एक धागा आजच्या अर्जदाराला थेट लागू पडतो. प्रादेशिक महाविद्यालये केंद्र आणि राज्याच्या भागीदारीत चालत असल्याने त्यांतील निम्म्या जागा त्या राज्यासाठी आणि निम्म्या इतर राज्यांसाठी असत. एनआयटी झाल्यावरही ही विभागणी कायम राहिली.

अभ्यासक्रम

चार वर्षांचा बी. टेक. अभ्यासक्रम स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार, संगणक, रसायन, धातू व पदार्थ अभियांत्रिकी आणि खाण अभियांत्रिकी या शाखांत चालतो. पाच वर्षांचा बी. आर्क. वेगळा आहे. खाण आणि धातू या शाखांकडे आपल्याकडील विद्यार्थी फारसे वळत नाहीत. कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मँगनीज काढणारी मॉइल या दोन्ही सार्वजनिक कंपन्यांची मुख्यालये नागपुरातच असताना हे दुर्लक्ष पटण्याजोगे नाही. संगणक शाखा मिळत नसेल तर या शाखा पसंतीक्रमातून सरसकट वगळण्याआधी त्यांचा अभ्यासक्रम निदान एकदा वाचून पाहावा. पदव्युत्तर शिक्षणात एम. टेक.साठी गेट परीक्षा आणि सीसीएमटी ही सामाईक समुपदेशन प्रक्रिया आहे, एम. एस्सी.साठी जॅम परीक्षा आणि सीसीएमएन, तर पीएच. डी.च्या जागांसाठी संस्था स्वतंत्र जाहिरात काढते. पुढील सर्व माहिती पदवी प्रवेशाची आहे.

परीक्षा आणि बारावीचे गुण

प्रवेशासाठी एनटीए या राष्ट्रीय चाचणी संस्थेमार्फत घेतली जाणारी जेईई मेन परीक्षा द्यावी लागते. ती साधारणपणे जानेवारी आणि एप्रिल अशा दोन सत्रांत होते. दोन्ही सत्रे दिल्यास त्यांतील अधिक चांगले गुण क्रमवारीसाठी धरले जातात. बी. टेक.साठी पेपर १ असतो, त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून ७५ प्रश्न आणि ३०० गुण असतात. बी. आर्क.साठी पेपर २ अ असून त्यातील चित्रकलेचा भाग कागदावरच सोडवायचा असतो. प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते, मात्र तो पर्याय अर्ज भरतानाच निवडावा लागतो. वयाची अट नाही. बारावी त्याच वर्षी किंवा आधीच्या दोन वर्षांत उत्तीर्ण झालेली असावी.

केवळ जेईईचा क्रमांक पुरत नाही. बारावीला किमान ७५ टक्के गुण असावेत किंवा विद्यार्थी आपल्या मंडळाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे वरच्या २० टक्के विद्यार्थ्यांत, असावा. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग उमेदवारांसाठी ही अट ६५ टक्क्यांची आहे. टक्केवारी काढताना भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, एक भाषा आणि आणखी एक विषय असे पाच विषय धरले जातात. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर ६०० पैकी जी एकूण टक्केवारी छापलेली असते ती या कामाला धरून चालू नये, पाच विषयांचा हिशेब वेगळा करून पाहावा. जेईईच्या नादात बारावीकडे पाठ फिरवणाऱ्या विद्यार्थ्याला ही अट जूनमध्ये आठवते आणि तोवर उशीर झालेला असतो.

बारावी कोणत्या राज्यातून?

व्हीएनआयटीच्या ५० टक्के जागा गृहराज्याच्या कोट्यातून, म्हणजे महाराष्ट्राच्या उमेदवारांमधून भरल्या जातात. या कोट्यासाठी वेगळी परीक्षा किंवा राज्याची वेगळी गुणवत्ता यादी नसते. राष्ट्रीय क्रमांकच वापरला जातो, फक्त स्पर्धा महाराष्ट्राच्या उमेदवारांपुरती मर्यादित होते. या जागांसाठी महाराष्ट्रात विभागवार आरक्षण नाही, त्यामुळे लातूरचा आणि नागपूरचा उमेदवार इथे एकाच पातळीवर उभे असतात.

महाराष्ट्राचा उमेदवार कोण, हे ठरवताना अधिवास प्रमाणपत्र, जन्मस्थान, आईवडिलांचा पत्ता किंवा वडिलोपार्जित शेती यांपैकी काहीही पाहिले जात नाही. उमेदवाराने बारावी पहिल्यांदा ज्या राज्यातील शाळेतून किंवा महाविद्यालयातून उत्तीर्ण केली ते त्याचे गृहराज्य. जेईई मेनच्या अर्जात पात्रतेच्या राज्याचा जो रकाना असतो त्यात हेच राज्य लिहायचे असते आणि पुढे ते बारावीच्या कागदपत्रांशी ताडून पाहिले जाते.

देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर, निलंगा, उमरगा या सीमेलगतच्या तालुक्यांतील मुले अकरावी-बारावीसाठी बिदर, निजामाबाद किंवा हैदराबादला जातात. नांदेडहून हैदराबादच्या निवासी महाविद्यालयांत आणि लातूर-बीडहून राजस्थानातील कोटा शहरात जाणारेही आहेत. हैदराबादच्या महाविद्यालयातून बारावी केलेला नांदेडचा विद्यार्थी एनआयटीच्या दृष्टीने तेलंगणाचा ठरतो. त्याला वारंगळच्या एनआयटीत गृहराज्याचा कोटा मिळतो, नागपूरला मात्र तो परराज्याचा उमेदवार असतो. बिदरहून बारावी केल्यास सुरतकल आणि राजस्थानातील शाळेतून केल्यास जयपूर ही त्याची गृहराज्याची संस्था. वारंगळ किंवा सुरतकल काही कमी प्रतीच्या संस्था नव्हेत, पण तिथे गृहराज्याच्या कोट्यातही चुरस मोठी असते आणि घराजवळची जागा हाती राहत नाही. शिकवणी कोणत्या गावी घेतली याला महत्त्व नाही, बारावीची नोंदणी कोणत्या शाळेत आहे हेच पाहिले जाते. मुक्त विद्यालयातून म्हणजे एनआयओएसमधून बारावी करणाऱ्यांचे राज्य अभ्यासकेंद्र जिथे असेल त्यावरून ठरते. व्हीएनआयटीचा विचार करणाऱ्या घराने हा हिशेब दहावीच्या निकालानंतरच्या सुट्टीतच मांडायला हवा, कारण नंतर पुन्हा बारावीला बसून राज्य बदलता येत नाही.

प्रवर्गाचे दाखले

केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींना १५ टक्के, अनुसूचित जमातींना ७.५ टक्के, इतर मागास वर्गाला २७ टक्के आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाला १० टक्के आरक्षण आहे. या प्रत्येकात दिव्यांगांसाठी ५ टक्के जागा असतात. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग असे महाराष्ट्राने केलेले गट केंद्रात नाहीत. आपली जात केंद्राच्या इतर मागास वर्ग यादीत महाराष्ट्राच्या नावाखाली नोंदलेली असेल तरच ओबीसी म्हणून अर्ज करता येतो. यादीतील नोंद आणि दाखल्यावरील जातीचे नाव यांत शब्दाचाही फरक नसावा. कुणबी नोंदीवरून अलीकडे दाखले काढलेल्या कुटुंबांनी तर हे डोळ्यांत तेल घालून तपासावे. राज्याने २०२४ मध्ये केलेले एसईबीसी, म्हणजे सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचे, आरक्षण केंद्रीय प्रवेशांना लागू नाही. मराठा विद्यार्थ्याला तिथे खुल्या प्रवर्गातून किंवा निकष पूर्ण होत असल्यास आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज करावा लागतो.

ओबीसीसाठी उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे नॉन क्रिमिलेअर, केंद्राच्या नमुन्यात आणि प्रवेशाच्या वर्षी १ एप्रिल किंवा त्यानंतर दिलेले असावे लागते. राज्याचे तीन वर्षे चालणारे नॉन क्रिमिलेअर घरात आहे म्हणून निश्चिंत राहणारे लोक इथेच फसतात. केंद्राच्या निकषात आठ लाखांची मर्यादा तपासताना पगाराचे आणि शेतीचे उत्पन्न धरले जात नाही, आईवडिलांचे पद मात्र पाहिले जाते. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचे गणित नेमके उलटे आहे. तिथे शेती, पगार, व्यवसाय असे कुटुंबाचे सर्व उत्पन्न धरून ते आठ लाखांच्या आत असावे लागते आणि त्यावर मालमत्तेचीही अट आहे. कुटुंबाकडे पाच एकर किंवा त्याहून अधिक शेतजमीन असल्यास उत्पन्न कितीही कमी असले तरी हा दाखला मिळत नाही. जमीन बागायती की कोरडवाहू असा भेद केंद्राने केलेला नाही. आष्टी-पाटोद्याच्या माळावरील सहा एकर आणि कालव्याखालील सहा एकर यांना एकच माप लावणे माझ्या मते अन्यायाचे आहे, परंतु अर्ज आहे त्या नियमावरच तपासला जातो. वाटणी न झालेली, आजोबांच्या नावावरील जमीन असेल तर ती कशी धरली जाणार हे सातबारा आणि आठ-अ घेऊन तहसील कार्यालयातून आधीच स्पष्ट करून घ्यावे. या दाखल्यालाही १ एप्रिलनंतरचीच तारीख लागते.

अर्ज आपले सरकार केंद्रातून किंवा सेतूतून करताना तो केंद्र शासनाच्या नमुन्यासाठी आहे हे स्पष्ट सांगावे, कारण न सांगता अर्ज दिल्यास हाती येतो तो बहुधा राज्याचा नमुना. जूनमध्ये शैक्षणिक दाखल्यांसाठी सर्व तालुक्यांत गर्दी उसळते, म्हणून मार्चमध्ये कागद गोळा करून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज द्यावा.

जोसा प्रक्रिया आणि सोबतची कागदपत्रे

आयआयटी, एनआयटी, ट्रिपल आयटी आणि केंद्राच्या अनुदानावरील इतर काही तंत्रसंस्थांच्या जागा २०१५ पासून जोसा या एकाच प्राधिकरणातून भरल्या जातात. जेईई अ‍ॅडव्हान्स्डचा (आयआयटीसाठीच्या परीक्षेचा) निकाल लागला की साधारणपणे जूनमध्ये नोंदणी आणि पसंतीक्रम भरणे सुरू होते. पसंतीक्रम कितीही लांब असला तरी तोटा होत नाही, पण क्रम मनापासूनच्या आवडीचा असावा. मागच्या वर्षी जागा कुठवर गेली एवढे पाहूनच क्रम लावणाऱ्यांना नंतर हळहळ होते. जागा मिळाल्यावर स्वीकृती शुल्क भरून तीनपैकी एक पर्याय निवडायचा असतो. फ्रीझ म्हणजे मिळाली ती जागा कायम, फ्लोट म्हणजे वरच्या पसंतीची कोणत्याही संस्थेतील जागा मिळाल्यास ती घेण्याची तयारी, आणि स्लाइड म्हणजे त्याच संस्थेत वरच्या पसंतीची शाखा. मुलींसाठी २०१८ पासून स्वतंत्र वाढीव जागाही आहेत. जोसाच्या फेऱ्यांनंतर एनआयटीतील रिकाम्या जागांसाठी सीसॅब या केंद्रीय जागावाटप मंडळाच्या विशेष फेऱ्या होतात. त्यांची नोंदणी वेगळी करावी लागते.

कागदपत्रांची पडताळणी ऑनलाइन होते. जन्मतारखेसाठी दहावीची गुणपत्रिका किंवा प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, जेईईचे प्रवेशपत्र, छायाचित्र, वैद्यकीय प्रमाणपत्र, रद्द केलेला धनादेश किंवा पासबुकाची प्रत आणि लागू असल्यास प्रवर्गाचा दाखला लागतो. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, असे अनेकदा असते, म्हणून जेईईचा अर्ज भरण्यापूर्वीच नावांचा मेळ घालावा. पडताळणी अधिकाऱ्याने शंका काढल्यास मुदतीत उत्तर द्यावेच लागते, अन्यथा मिळालेली जागा रद्द होते. त्या आठवड्यात मोबाइलवर विसंबून न राहता रोज स्वतः लॉगिन करून पाहावे.

शुल्क

बी. टेक.चे शिक्षण शुल्क वर्षाला १ लाख २५ हजार रुपये असून वसतिगृह आणि भोजनाचा खर्च वेगळा असतो. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. इतर प्रवर्गांत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्यास पूर्ण माफी आणि एक ते पाच लाखांच्या दरम्यान असल्यास दोन तृतीयांश माफी मिळते. यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो प्रवर्गाच्या दाखल्यासोबत एप्रिलमध्येच काढून ठेवल्यास तहसीलची एक फेरी वाचते.