किशोरवयातील कॉक्लिअर इम्प्लांट आणि श्रवणसराव

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे खूपच कमी ऐकू येणाऱ्यांच्या कानात शस्त्रक्रियेने बसवलेले ऐकण्याचे उपकरण. ही शस्त्रक्रिया झाल्यावर 13 ते 19 वर्षांच्या मुलामुलींना विजेच्या संकेतांतून ऐकायला शिकावे लागते. या शिकण्याला श्रवणसराव म्हणतात. शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते, सराव मात्र महिनोन्‌महिने चालतो.

कानामागे बसणारा प्रोसेसर, म्हणजे रोजच्या बोलण्यातले ‘मशीन’, आवाज टिपतो, त्याची फोड करतो आणि चुंबकाने डोक्याला चिकटलेल्या कॉइलमधून त्वचेखालच्या भागाकडे पाठवतो. तिथून आतल्या कानातील वेटोळ्या नळीत, म्हणजे कॉक्लिआत, सरकवलेले इलेक्ट्रोड श्रवणचेतेला, म्हणजे ऐकण्याच्या नसेला, विजेचे स्पंद देतात. निरोगी कानात हे काम सुमारे 3,500 केसपेशी करतात. इम्प्लांटमध्ये कंपनीनुसार 12 ते 22 इलेक्ट्रोड असतात. एवढा फरक ध्यानात आला की पुढच्या तक्रारींपैकी बहुतेकांचे कारण कळते.

मशीन शस्त्रक्रियेच्या दिवशी सुरू होत नाही. जखम भरल्यावर, साधारण 2 ते 4 आठवड्यांनी, ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, ते ‘स्विच-ऑन’ करतात. प्रत्येक इलेक्ट्रोडला किती कमी वीज दिली तरी कळते आणि किती वीज सुखाने सोसते, हे ठरवणे म्हणजे मॅपिंग. सुरुवातीला पातळी मुद्दाम कमी ठेवतात आणि पुढच्या भेटींत ती चढवत नेतात. स्विच-ऑन होताच आनंदाने रडणाऱ्यांचे व्हिडिओ घरच्यांनी पाहिलेले असतात, आणि पुष्कळदा त्या व्हिडिओंमुळेच अडचण होते. किशोरवयीन मुलाला पहिल्या दिवशी बहुधा बीप, किरकिर किंवा कार्टूनसारखे चिरके आवाज ऐकू येतात. आईचा आवाज आईचा वाटत नाही. इलेक्ट्रोडची तार सहसा नळीच्या अगदी टोकापर्यंत, जाड आवाजांच्या जागेपर्यंत, पोचत नाही. त्यामुळे जाड आवाजही बारीक आवाजांच्या जागी वाजतात. मेंदू हळूहळू ही जुळणी लावून घेतो आणि आवाज पुन्हा माणसासारखे वाटू लागतात.

आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी, ती म्हणजे शस्त्रक्रियेत त्या कानातले उरलेसुरले नैसर्गिक ऐकणे जाऊ शकते. साध्या श्रवणयंत्रावर वर्षानुवर्षे जे थोडेफार ओळखीचे ऐकू येत होते तेही सुरुवातीला हरवते, आणि मुलाला फसवल्यासारखे वाटते. त्यात त्याचा हट्टीपणा शोधू नये.

कोणाला किती फायदा होईल हे मुख्यतः आधीच्या श्रवणावर ठरते. बोलायला शिकल्यावर ज्यांचे ऐकणे गेले, ते सहसा लवकर रुळतात, कारण शब्दांचा साठा मेंदूत आधीच असतो. जन्मापासून कमी ऐकू येणारे पण श्रवणयंत्र नेमाने लावून बोलत आलेले मूल मधल्या गटात येते. ज्यांच्या कानावर बोलणे कधी पडलेच नाही, त्यांना या वयात आवाजांची जाणीव होते, ओठवाचनाला आधार मिळतो. पण न पाहता संभाषण समजणे अवघड राहते. खुणांची भाषा वापरणाऱ्या मुलाने ती सोडावी असे यातून मुळीच निघत नाही.

सराव सहा ध्वनींपासून सुरू होतो : आ, ई, ऊ, म, श, स. यांत जाड ते बारीक असा बोलण्याचा जवळजवळ सगळा पट्टा येतो, म्हणून मशीन नीट चालते का हे पाहायलाही रोज सकाळी तेच वापरतात. श्रवणयंत्रात ‘स’ आणि ‘श’ बहुधा हरवलेले असतात. इम्प्लांटमध्ये ते परत येतात आणि त्यांच्यासोबत कुकरची शिट्टी, वहीची पाने, नळाचे पाणीही येते. पुढे थेरपिस्ट तोंडासमोर कागद धरून शब्द म्हणतात. पार, बार, मार ओठांवर सारखेच दिसतात. इतकी वर्षे संदर्भाने भागवलेला हा फरक आता कानाने पकडायचा असतो.

ठरलेल्या यादीतला शब्द ओळखणे ही पहिली पायरी. ठाणे आणि नवी मुंबईतल्या मुलांसाठी अशी यादी रेल्वेनेच करून ठेवली आहे : ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. ‘कोपरखैरणे’ लांबीवरूनच कळते. ‘तुर्भे’ आणि ‘वाशी’ दोन्ही दोन अक्षरी, तिथे स्वर ऐकावा लागतो. ‘ऐरोली’ आणि ‘घणसोली’ शेवटाला सारखेच, त्यामुळे ती जोडी चुकते. आधी घरी शांत खोलीत हे जमावे लागते. ठाणे स्थानकाच्या फलाटावर, शेजारून जलद गाडी जात असताना, घोषणा तर अनेकदा चांगल्या कानांनाही लागत नाही.

गोंगाट हीच इम्प्लांटची सर्वांत कच्ची बाजू. ठाण्यातल्या राम मारुती रोडवर चालता चालता बोलणे, वर्गातला पंखा, डब्याच्या सुट्टीत चौघांनी एकदम केलेली थट्टा, इथे हे मोजके इलेक्ट्रोड पुरे पडत नाहीत. वर्गात पुढचा बाक आणि शिक्षकांच्या कॉलरला लावायचा वायरलेस माइक यांचा खरा उपयोग होतो. संध्याकाळपर्यंत डोके जड होते, कारण दिवसभर प्रत्येक वाक्य ताणून ऐकलेले असते. घरी येताच मशीन काढून तासभर शांत बसायची मुभा असावी. बाकी कुणाला सहज न मिळणारी ही सोय आहे.

संगीताबाबत अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. ठेका छान कळतो, स्वर निसटतो. त्यामुळे गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेतले ढोल-ताशे लवकर आवडतात, भावगीताची चाल मात्र बराच काळ सपाट वाटते.

दोन वर्षांच्या बाळाला आई मशीन लावते. पंधरा वर्षांची मुलगी ते लावते की दप्तरात ठेवते, हे तीच ठरवते. केसांआड लपवणे, कॉलेजात काढून ठेवणे, ‘बॅटरी संपली’ म्हणणे या गोष्टी या वयात सर्रास होतात. मशीन रोज किती तास लावले होते याची नोंद प्रोसेसर ठेवतो आणि मॅपिंगच्या वेळी ती पडद्यावर दिसते. ती नोंद दाखवून पालकांसमोर झापण्याऐवजी कुठल्या वेळी आणि का काढले हे मुलीशी एकांतात बोललेले बरे. शस्त्रक्रियेचा निर्णय तिचा स्वतःचा असेल तर मशीन कानावर टिकण्याची शक्यता वाढते.

घाम आणि जून ते सप्टेंबरची दमट हवा मशीनला मानवत नाही. रात्री ते ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवतात. मेंदुज्वराचा धोका थोडा वाढतो, म्हणून न्यूमोकोकल लस घेतात. एमआरआय काढण्यापूर्वी डोक्यात चुंबक आहे हे सांगावेच लागते.

अपंग व्यक्तींना साहाय्यक साधने मिळवून देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडीआयपी योजनेतून इम्प्लांटसाठी मदत मिळते. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था तिची मध्यवर्ती यंत्रणा आहे. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी या योजनेची वयोमर्यादा 5 वर्षे, तर नंतर श्रवण गेलेल्यांसाठी 18 वर्षे ठेवलेली आहे. आतला भाग अनेक वर्षे टिकतो. बाहेरचा प्रोसेसर, केबल, कॉइल आणि बॅटऱ्या मात्र बदलाव्या लागतात, आणि तो खर्च घराच्या हिशेबात पहिल्यापासून धरावा लागतो.