मतपरीक्षा-वाद

ख्रिस्ती धर्म आणि हिंदू दर्शने यांच्यात १८३९ ते १८४५ या काळात संस्कृत ग्रंथांतून झालेला वाद. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश संस्कृतज्ञ जॉन म्यूर (१८१०–८२) यांच्या ‘मतपरीक्षा’ (१८३९) या गुरुशिष्यसंवादरूप पद्यग्रंथाने त्याला तोंड फुटले. संस्थापकाचे चमत्कारसामर्थ्य, ग्रंथाचे पावित्र्य आणि सर्व मानवांना लागू पडण्याची क्षमता या खऱ्या धर्माच्या म्यूर यांच्या तीन कसोट्या. त्यांवर फक्त ख्रिस्ती धर्म टिकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

तीन पंडितांनी उत्तरे लिहिली. ‘मतपरीक्षाशिक्षा’ (१८३९) लिहिणारे सोमनाथ म्हणजे मध्य भारतातील सिहोरचे मराठी ज्योतिषी सुबाजी बापू, असे संशोधक मानतात. ज्याचा मार्ग त्याला योग्य, अशी त्यांची सौम्य भूमिका. बंगालचे हरचंद्र तर्कपंचानन यांचे उत्तर (१८४०) मात्र जहाल आहे.

सर्वांत खोल उत्तर काशीतील तरुण चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोरे (१८२५–९५) यांचे. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ या ग्रंथात ते कसोट्यांचीच चिकित्सा करतात. धर्माचा निर्णय निव्वळ तर्काने होतो, हेच त्यांना अमान्य आहे. ब्रह्मसूत्रातील ‘तर्काप्रतिष्ठानात्’ (निव्वळ तर्काला स्थिर आधार नसतो) या भूमिकेशी हे जुळते. आत्मा एकदाच जन्मत असेल, तर जन्मतः वाट्याला येणारे दुःख कोणत्या अपराधाचे? मर्यादित पापाला अनंत नरक कसा? कर्मसिद्धांत इतक्या धारदारपणे ख्रिस्ती मतासमोर क्वचितच मांडला गेला असेल.

याच गोऱ्यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ‘षड्दर्शन दर्पण’ (१८६०) या हिंदी ग्रंथात दर्शनांचे खंडन केले. पंडिता रमाबाईंवरही त्यांचा प्रभाव पडला. या स्थित्यंतराला एका बाजूचा जय ठरवणे उथळ आहे: वेदान्तातील ब्रह्म-माया विचारावरचे त्यांचे आक्षेप आतून दर्शने शिकलेल्या माणसाचे आहेत, म्हणूनच ते आजही विचारात घ्यावे लागतात. म्यूरही बदलले. प्रचारापेक्षा संशोधनाकडे वळून त्यांनी मूळ संस्कृत वचनांचे पाच खंड सिद्ध केले, आणि १८६२ मध्ये एडिंबरा विद्यापीठात संस्कृतचे अध्यासन स्थापन केले.

या वादाचा सविस्तर अभ्यास रिचर्ड फॉक्स यंग यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी विल्हेल्म हाल्बफास यांचा भारत-युरोप वैचारिक संबंधांवरील जर्मन ग्रंथ निघाला. त्यामुळे हिंदू विचारवंतांनी परधर्माला दिलेली उत्तरे केवळ प्रतिक्रिया न राहता तत्त्वज्ञानाचा विषय झाली. मुंबईत हिंदू पंडित मोरभट दांडेकर आणि ख्रिस्ती मिशनरी जॉन विल्सन यांच्यात १८३१ च्या सुमारास झालेला मराठी वादही या ग्रंथांशेजारी ठेवून वाचायला हवा; तिथे प्रश्न तेच, पण श्रोता सामान्य माणूस होता.